पाणी आलं म्हणून थांबले

आईच्या खोलीतला नळ पाणी यायच्या आधी खोकतो. एक कोरडा ठसका, मग जरा शांतता, मग कुणी लांबून घसा खाकरत यावं तशी घरघर. त्यानंतर मोरीत पिवळट पाण्याची एक चूळ पडते. ती जाऊ द्यायची. पाणी निवळलं की बादली लावायची. हे मला कोणी शिकवल्याचं आठवत नाही. चालायला शिकले तसंच हेही आलं असणार. अजून तो ठसका ऐकला की हातात असेल ते खाली ठेवून मी उठते, आणि उभी राहिल्यावर लक्षात येतं की हाक कोणी मारलेली नाही.

विठ्ठलवाडीच्या या चाळीत आईचं जवळजवळ सगळं आयुष्य गेलं. मागच्या थंडीत ती गेली. खोलीचं काय करायचं ते ठरलेलं नाही आणि ठरवायची घाईही झालेली नाही. मी ठाण्याहून, वर्तकनगरहून, रविवारी येते. कुलूप काढते. खिडकी उघडली की बंद खोलीचा वास आधी बाहेर जातो आणि मग समोरच्या घरातल्या फोडणीचा आत येतो. केर काढते, भिंतीवरच्या तसबिरी पुसते, मेणबत्ती लावते. मग पाण्याची वाट बघत बसते. पहिल्यांदा मी पिंप भरून ठेवलं तेव्हा शेजारच्या कमलमावशी दारात येऊन उभ्या राहिल्या.

"अगं, पिणार कोण आहे एवढं?"

"कुंड्यांना घालते, मावशी."

"दोन कुंड्या आणि पिंपभर पाणी. कुंडीत काय म्हैस लावलीय का?"

असं म्हणून त्यांनीच दुसरी बादली पुढे सरकवली. त्यांनाही माहीत होतं की या खोलीत पाणी आल्यावर ते न भरणं जमण्यातलं नाही.

पाण्याची वाट बघताना मी पुस्तक घेऊन बसते. म्हणजे पिशवीतून काढते आणि मांडीवर ठेवते. ठाण्यातल्या एका कॉलेजच्या ग्रंथालयात मी काम करते. दिवसभर पुस्तकं माझ्या हातातून येतात-जातात, त्यांच्या पाठी दुरुस्त होतात, कपाटं बदलतात. वाचणं मात्र आई गेल्यापासून बंद पडलं आहे. अक्षरं दिसतात, ओळ सुरू होते आणि कुठेतरी मध्येच संपून जाते. मी पुन्हा पहिल्या शब्दावर येते. लोकांना वाटतं दुःखात माणूस पुस्तकांकडे वळतो. मलाही तसंच वाटायचं.

या रविवारी उत्पला बरोबर आली. माझी मुलगी. सहावीत आहे. तिला इथे यायला आवडतं, कारण कमलमावशी तिला कुरडया तळून देतात. पण आज तिच्या दप्तरात एक काम होतं. तिच्या शाळेत मराठीसाठी एक छापील वही दिलीय, 'माझं वाचन' नावाची. प्रत्येक पानावर चौकटी. पुस्तकाचं नाव, आवडलेलं पात्र, मिळालेली शिकवण, आणि रंगवायचे तारे. सगळ्यात खाली एक चौकट पालकांची: पालक सध्या काय वाचत आहेत, त्याबद्दल दोन ओळी. उत्पलाच्या सगळ्या चौकटी भरलेल्या होत्या. तळाची तेवढी प्रत्येक पानावर कोरी.

"मम्मा, उद्या लास्ट डे आहे."

"हो, माहितीये."

"टीचर बोलली, पालकांचा बॉक्स रिकामा असेल तर वही घेणारच नाही. तू काहीतरी लिही ना. रियाच्या मम्मीने सगळीकडे 'छान आहे' लिहिलंय."

"न वाचता कसं लिहू, उत्पू?"

"मग वाच ना."

ती उंबऱ्यावर बसली होती, पाय बाहेर पॅसेजमध्ये सोडून. स्केचपेनचं टोपण उघडत आणि लावत. जरा वेळाने माझ्याकडे न बघताच म्हणाली, "तू आता वाचतच नाहीस. नुसतं पुस्तक धरून बसतेस. मी बघते ना."

मला वाटलं होतं की हे फक्त मला माहीत आहे.

"आम्हालाही होती अशी वही," मी म्हटलं. दुसरं काही सुचलं नाही म्हणून. "तारे नव्हते. पण होती."

"कुठेय?"

मी वर पोटमाळ्याकडे बघितलं.

आईने काही टाकलं नव्हतं. स्टुलावर चढून मी हात घातला तेव्हा आधी तिचं दोरे कापायचं जुनं कटर हाताला लागलं, मग वह्यांचा गठ्ठा. परकराच्या नाडीने बांधलेला. धूळ झाडली, नाडी सोडली, आणि वास आला. कागदाचा जुना वास सगळ्यांनाच माहीत असतो, पण या वह्यांना दुसराच एक होता: कोऱ्या जीन्सचा. खळीचा, निळीचा, जरासा रॉकेलसारखा. त्या वासाबरोबर ही खोली पुन्हा निळ्या गठ्ठ्यांनी भरून गेली.

उल्हासनगरच्या कारखान्यांतून ते गठ्ठे यायचे. जीन्स शिवून झाल्या की शिलाईला दोऱ्यांची शेपटं लोंबत राहतात. ती कापून कपडा साफ करायचा. धागाकटिंग म्हणायचे सगळे. आमच्या ओळीतल्या बहुतेक बायका दुपारी तेच करायच्या, दारं उघडी टाकून, पाय पसरून, मांडीवर जीन्स. कटरचा कुटकुट आवाज एका दारातून दुसऱ्या दारात जायचा. आईची बोटं कायम निळी असायची. भाकरी थापायला बसायच्या आधी ती दगडाने घासायची तरी नखांच्या कडांना निळं उरायचंच. आणि दोरे मात्र निळे नसायचे. जीन्स निळी आणि तिचे दोरे हळदीच्या रंगाचे. संध्याकाळी केर काढला की सुपलीत पिवळ्या दोऱ्यांचं एक घरटं जमायचं.

बाबा अंबरनाथच्या कंपनीत पाळीवर. ते झोपलेले असले की मी मनात वाचायचे, ते कामावर असले की मोठ्याने. आई ऐकायची. तिची मान खाली, हात चालू. मी दम घ्यायला थांबले की म्हणायची, "मग?"

वाचायला पुस्तकं मिळायची ती शाळेतून. आमची शाळा कल्याण पूर्वेला. तिथे मराठीला एक बाई होत्या. किडकिडीत, आवाज इतका हळू की वर्ग आपोआप गप्प बसायचा. लाल पेन अंबाड्यात खोचलेलं. वर्गात एक पत्र्याची पेटी होती, तिच्यात गोष्टींची पुस्तकं. काहींना पुठ्ठा नाही, काहींना शेवट नाही. दर आठवड्याला एक पुस्तक घरी न्यायचं आणि त्याच्यासाठी वेगळी वही घालायची, असं बाईंनी सांगितलं.

"गोष्टीचा सारांश मला नको," त्या म्हणाल्या. "गोष्ट मी वाचलेली आहे. शिकवण पण नको. वाचताना कुठे थांबलात, ते लिहा. आणि का थांबलात ते लिहा. बस, एवढंच."

सोपं होतं. मला तर फारच सोपं वाटलं. मी घरी जाऊन लिहिलं:

पान संपायच्या आत पाणी आलं म्हणून थांबले.

दुसऱ्या दिवशी: लाईट गेली म्हणून थांबले.

तिसऱ्या दिवशी: आईने हाक मारली म्हणून थांबले. गठ्ठा उतरवायचा होता.

बाकीच्यांनी काय लिहिलं होतं ते आठवड्याने कळलं. बाईंनी काही वह्या वर्गात वाचून दाखवल्या. कोणी लिहिलं होतं की होडीवाल्याचा मुलगा बापाला ओळखत नाही तिथे मी थांबलो कारण मला रडू आलं. कोणी लिहिलं होतं की जंगलाचं वर्णन आलं तिथे थांबले, पुन्हा वाचलं. मग माझी वही. बाईंनी वाचली, त्यांच्या त्याच हळू आवाजात, एकही शब्द न गाळता. पाणी आलं, लाईट गेली, गठ्ठा उतरवला. वर्ग आधी गप्प, मग मागच्या बाकावरून खुसखुस, मग सगळेच हसायला लागले.

"बाई, हिची वही म्हणजे नळाचं टाइमटेबल आहे," एक मुलगी म्हणाली.

मला कळेना काय चुकलं. बाईंनी विचारलं होतं कुठे थांबलात आणि का. मी खरंच तिथेच थांबले होते आणि त्याचसाठी थांबले होते. कान गरम झाले. वही परत मिळाली तेव्हा उघडायचं धाडस शाळा सुटेपर्यंत झालं नाही. रस्त्यात एका बंद दुकानाच्या पायरीवर बसून उघडली. फुली नव्हती. शेरा नव्हता. 'पाणी आलं म्हणून थांबले' याच्यापुढे लाल पेनाने एकच शब्द होता.

मग?

आईचा शब्द बाईंच्या अक्षरात. मला वाटलं, बाईंना पुढचं हवंय. पाणी आलं, मग काय झालं? म्हणून मी पुढचं लिहायला लागले. होडीवाल्याचं पुस्तक तेव्हा माझ्याकडे आलं होतं. मग बादली लावली. बादली भरेपर्यंत होडीवाल्याचा विचार करत होते. त्याचा मुलगा इतकी वर्षं लांब बोटीवर होता, तरी त्याला बापाचा आवाज ओळखू यायला हवा होता. आपले बाबा रात्रपाळीवरून येतात तेव्हा दाराबाहेर खोकतात, मी झोपेत पण ओळखते. होडीवाला खोकला असता तर? एवढ्यात बादली वाहून गेली आणि कमलमावशी ओरडल्या.

त्याच्यापुढे बाईंनी काहीच लिहिलं नाही. नुसती एक लाल रेघ ओढली, वाक्याखाली, होडीवाला खोकला असता तर. ती रेघ मी कितीदा तरी बोटाने गिरवली होती.

उत्पला हे सगळं मोठ्याने वाचत होती. माझं गोल गोल अक्षर तिला जड जात नव्हतं. "शी, तू किती पाणी भरायचीस," ती म्हणाली. आणि मग, "हे निळं काय आहे सगळीकडे?"

वहीच्या कोपऱ्यांना अंगठ्याचे निळे ठसे होते. आईचे. पालकांची सही हवी असायची तिथे आईच सही करायची. नाव लिहून, खाली रेघ मारून, रेघेखाली दोन टिंबं देऊन. सही करायच्या आधी ती पूर्ण पान वाचायची, ओठ हलवत. पहिल्यांदा तिने वाचलं तेव्हा तिचा चेहरा बदललेला मला अजून दिसतो.

"हे काय गं? आईने हाक मारली, आईने हाक मारली, पुन्हा आईने हाक मारली. माझी चुगली लिहितेस होय बाईंकडे?"

"चुगली नाही गं. त्या विचारतात का थांबलात."

"मग त्यांना वाटेल की मी पोरीला वाचूच देत नाही. एखादवेळी लिही की कमलमावशीने हाक मारली."

"त्यांनी मारली नव्हती."

"मारते की ती दिवसभर सगळ्यांना."

भिंतीपलीकडून कमलमावशींचा आवाज आला, "माझं नाव घाल खुशाल. मला काय शाळेत जायचंय?"

आई हसली, पण तिच्या मनात ते राहिलं. त्यानंतर ती हाक मारताना दाराशी येऊन आधी बघायची की मी कुठल्या ओळीवर आहे. "तेवढा परिच्छेद संपव, मग ये." आणि मी उठले की स्वतःच्या मांडीवरचा एक पिवळा दोरा उचलून पुस्तकात घालायची. "खूण ठेवली बघ. कुठे जात नाही तुझी गोष्ट." माझी सगळी पुस्तकं त्या दोऱ्यांनी भरलेली असायची. पेटीतली पुस्तकं परत केली तरी दोरे त्यांच्यात राहायचे. माझ्यानंतर ज्या मुलांनी ती पुस्तकं नेली, त्यांना प्रश्न पडला असेल.

पावसाळ्यात वर्षावास सुरू झाला की संध्याकाळी विहारात ग्रंथवाचन असायचं. आई पांढरी साडी नेसून जायची. निळी बोटं पदरात लपवून बसायची. बौद्धाचार्य काका चष्मा पुसत पुसत वाचायचे आणि ठरलेल्या जागी थांबायचे. परत आली की आई भाकरी करता करता मला ते सगळं सांगायची, आणि शेवटी कुरकुरायची, "आज अगदी अर्ध्यातच थांबवलं बघ. आता उद्यापर्यंत माझ्या डोक्यात तेच." पत्र्यावर पाऊस वाजत असायचा. ओल्या जीन्सचा वास असायचा, कारण पावसात गठ्ठे भिजायचे आणि खोलीत बांधलेल्या दोरीवर आडवे-उभे वाळत पडायचे. त्या निळ्या पडद्यांच्या आत बसून मी वाचायचे. लाईट जायची. मेणबत्तीपाशी पान तिरकं धरलं की ओळींच्या सावल्या हलायच्या. उन्हाळ्यात वैशाख पौर्णिमेची खीर शिजायची तेव्हा तिच्या वेलचीचा वास पुस्तकात शिरायचा. वहीत आहे ते: खीर ढवळायला बसवलं म्हणून थांबले. मग? मग खीर लागली.

उत्पला हसली. "आजी ओरडली?"

"नाही. तिने लागलेली आपल्या वाटीत घेतली."

एका रविवारी मात्र आईने एकदाही हाक मारली नाही. मनाशी ठरवूनच. मी सकाळी पुस्तक उघडलं आणि ते दुपारी संपलं. मध्ये नळ खोकला होता, मी अर्धी उठले होते, तर आईने हातानेच खूण केली, बस. कमलमावशी काहीतरी बोलायला आल्या तर तिने त्यांना दारातूनच परत फिरवलं. हंडे तिने एकटीने भरले. गठ्ठा एकटीने उतरवला. मी वाचत राहिले, पण घरात काहीतरी चुकल्यासारखं वाटत होतं. संध्याकाळी तिने वही पुढे केली. "लिही आता." मी लिहिलं: आज थांबले नाही. तिने अगदी समाधानाने सही केली, टिंबं जरा जोरातच दिली.

बाईंनी त्या दिवशी 'मग?' लिहिलं नाही. त्यांनी लिहिलं: का?

मी त्याखाली लिहिलं, आईने एकटीने पाणी भरलं. बाईंनी पुढे काही लिहिलं नाही. पण पुढच्या वेळी पालकसभेला आई गेली तेव्हा बाई तिच्याशी बराच वेळ बोलत होत्या. काय बोलल्या ते आईने कधी सांगितलं नाही. घरी आली आणि दारातूनच हाक मारली, "चल गं, पाणी आलंय." पाणी अजून आलंही नव्हतं.

बाईंना काय विचारायचं होतं, ते मला खूप वर्षांनी कळलं. त्या निवृत्त झालेल्या. कल्याणला काळ्या तलावाच्या कट्ट्यावर भेटल्या. अंबाडा पांढरा झालेला आणि लाल पेन नाही. मी ओळख दिली, तर म्हणाल्या, "नळाचं टाइमटेबल." आम्ही दोघी हसलो.

"मन कुठे थांबलं, असं विचारलं होतं मी," त्या म्हणाल्या. "वर्गात सगळ्यांना कळलं. तुला एकटीला नाही कळलं."

"मग सांगितलं का नाही, बाई?"

"सांगणार होते. दुसऱ्याच दिवशी सांगणार होते. मग म्हटलं, राहू दे. जरा वाचू तरी दे पुढचं." आणि मग, "आई काय म्हणते? मारते का हाका अजून?"

मारायची. मी लग्न होऊन ठाण्याला गेले तरी फोनवर मारायची. पलीकडून सरळ प्रश्न यायचा, "काय वाचतेस?" मी सांगायचे. "मग?" कुकरच्या शिट्ट्यांमधून, ग्रंथालयातल्या जेवणाच्या सुट्टीत, मी तिला गोष्टी सांगत राहायचे. नजर कमी झाली आणि तिने कटर ठेवून दिलं, पण थोडे दोरे एका डबीत जपले होते. शेवटच्या आजारात ती वर्तकनगरला माझ्याकडे आली तेव्हा ती डबीही आली. मी तिला दुपारी वाचून दाखवायचे. एक जाडजूड कादंबरी, एका बंदराच्या गावाची, पिढ्यान्‌पिढ्यांची. तिला त्यातली एक मुलगी आवडली होती, जी गाव सोडून निघते आणि धक्क्यावर उभी असते. तिथे एका दुपारी आईने हात वर केला. "थांब जरा. डोळा लागतोय." आणि मग मिटल्या डोळ्यांनीच, "खूण ठेव." डबीतला दोरा मी पुस्तकात घातला. दुसऱ्या दिवशी दवाखाना. तिथे वाचणं झालं नाही. मग ती गेल्यावर जलदान विधी झाला, पांढऱ्या साड्यांनी ही खोली भरली आणि रिकामी झाली.

ते पुस्तक मी दर रविवारी पिशवीत घालून इथे आणते. उघडते कुठूनही. दोऱ्याच्या पानावर मात्र जात नाही. ती मुलगी अजून धक्क्यावर उभी आहे. पुढे वाचलं तर ती जाणार, आणि ते ऐकायला आई नसणार.

हे मी उत्पलाला असं सांगितलं नाही. एवढंच म्हटलं की आजीला वाचून दाखवत होते, ते धक्क्यावरच्या एका मुलीपाशी राहिलं. ती वह्यांच्या मधोमध बसली होती. बोटांना जुन्या वह्यांची धूळ लागलेली, निळसर.

"म्हणजे तू पण थांबली आहेस ना कुठेतरी," ती म्हणाली. "मग तेच लिही की. बॉक्समध्ये."

तिने आपली छापील वही माझ्यासमोर ठेवली, तळाच्या चौकटीवर बोट ठेवलं आणि पेन दिलं. खिडकीतून दुपारचं ऊन आत आलं होतं, फरशीवर त्याचा एक लांबट तुकडा. पलीकडे कमलमावशींच्या कढईत कुरडया फुलत होत्या, चरचर आवाज येत होता. मी बराच वेळ पेन धरून होते. इतक्या वर्षांनी तेच वाक्य लिहायचं होतं, आणि हात लहानपणीचंच अक्षर काढायला बघत होता.

आई गेली म्हणून थांबले.

उत्पलाने ते वाचलं. ओठ हलवत, तिच्या आजीसारखं. मला वाटलं ती काही विचारेल. ती म्हणाली, "एकच ओळ झाली. टीचरने दोन सांगितल्यात."

मला हसू आलं. डोळे भरलेले होते आणि हसू आलं. ती पण हसायला लागली, आधी घाबरत, मग नीट. तिने माझ्या पिशवीतून पुस्तक काढलं. दोरा वरून दिसत होता, जरासा बाहेर आलेला, हळदीचा रंग उतरून फिकट झालेला. तिने तो ओढला नाही. दोरा होता तिथेच पुस्तक उघडलं आणि माझ्या मांडीवर ठेवलं.

"हीच ना ती? धक्क्यावरची?"

"हीच."

"आधी काय झालं ते थोडक्यात सांग, आणि मग वाच."

मी थोडक्यात सांगितलं. थोडक्यात सांगताना लक्षात आलं की मला सगळं आठवतंय, आईने कुठे काय विचारलं तेसुद्धा. मग दोरा उचलून समासात आडवा ठेवला आणि पहिली ओळ वाचली. दुसरी वाचली. ओळ मध्येच संपली नाही. मुलगी धक्क्यावरून खाली बघत होती, पाणी काळं होतं, तिच्या हातातली पिशवी तिने या हातातून त्या हातात घेतली.

नळ खोकला.

मी उठायला लागले. पुस्तक खाली ठेवणार, तोच उत्पला उभी राहिली आणि तिने हातानेच खूण केली, बस.

"मी लावते बादली."

"पहिली चूळ जाऊ दे. पिवळं येतं."

"माहितीये मला. आजीने दाखवलंय." ती मोरीत गेली, आणि आतून तिचा आवाज आला, "पण तू थांबू नकोस. मोठ्याने वाच, इथे ऐकू आलं पाहिजे."

आतमध्ये घरघर झाली, चूळ पडली, फरशीवरून वाहून गेली. मग बादलीत पाण्याची धार, आधी पोकळ आवाजाची. मी आवाज चढवला. मुलगी होडीत उतरली. होडी हलली, तिने कडेला धरलं, आणि धक्का मागे मागे जायला लागला. धक्क्यावर उभं असलेलं कोणी हात हलवत होतं, ते कोण हे तिला इतक्या लांबून दिसत नव्हतं. बादली भरत आली तसा धारेचा आवाज भरीव होत गेला. पान संपलं. मी उलटायला क्षणभर थांबले.

मोरीतून आवाज आला, "मग?"